ते पन्नास राउंड उडवू नकोस

सोलापूर,
१० जानेवारी

प्रिय शिऱ्या,

काय बे, फोन आपटलास की मोंटानातली रेंज गेली? चार महिने मी पत्र नाही, फोन नाही, आणि केला तेव्हा पहिलंच वाक्य ‘ते पन्नास राउंड उडवू नकोस’, म्हणजे तू .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हरसाठी घरी भरलेली ती काडतुसं. तापणारच तू. पण कारण सांगायच्या आत तू ‘इथे बेंच (काडतुसं भरायचं टेबल) माझा आहे’ म्हणालास, आणि पुढचं राहिलं. ते आता लिहितो. गुडघा तसाच, शुगर आटोक्यात. झालं.

तुझ्या वहीच्या पानाचा फोटो मोठा करून पाहिला. एच-११० पावडरीचा, म्हणजे काडतुसातल्या दारूचा, पुस्तकातला आकडा घेतलास आणि वैनींच्या मनगटाला झटका नको म्हणून त्यातून पंधरा टक्के कापलेस, आमटीत तिखट कमी करावं तसं. बऱ्याच पावडरींना हे चालतं. कमाल आकड्याच्या दहा टक्के खालून सुरुवात कर, हे मीच तुझ्या कानीकपाळी ओरडत होतो, त्यामुळे निम्मं पाप माझं. पण एच-११० त्या रांगेत बसत नाही. ती विकणारे हॉजडनवाले स्वतःच सांगतात की तिला तीन टक्क्यांपेक्षा जास्त कमी करू नका. आणि ‘मग डब्ल्यू-२९६ वापरतो’ असं म्हणू नकोस, पावडर तीच आहे, फक्त डबा वेगळा.

ही बॉल पावडर पेटायला आळशी. तिला कोंडमारा लागतो: केस (काडतुसाचं धातूचं नळकांडं) जवळजवळ भरलेली, वर जड गोळी, घट्ट क्रिंप (केसचं तोंड गोळीवर आवळणं), खाली मॅग्नम प्रायमर (ठिणगी देणारी जास्त जोराची टोपी). सुतळी बाँब आठव. सुतळी सैल पडली की तो फुटत नाही, नुसता फुर्र करतो. दारू तीच, कोंडमारा गेला. तू केस रिकामी ठेवलीस, म्हणजे सुतळीच सैल केलीस. त्यात तुमच्याकडची थंडी. एखादा राउंड नीट जाईल, एखादा उशिरा पेटेल, आणि एखादा नुसता ‘फुस्स’ करेल. नळीतून न जळलेले पिवळट दाणे खाली सांडले तर समज, हीच गोष्ट चालू आहे.

मला भीती त्या फुस्सचीच आहे. गोळी नळीत मध्येच अडकते. सिलिंडरच्या तोंडाशी अडकली तर नशीब, सिलिंडर फिरतच नाही आणि माणूस थांबतो. आत गेली तर सिलिंडर मजेत फिरतो. तुला वाटतं प्रायमर मेला, चाप पुन्हा ओढतोस, आणि मागची गोळी पुढच्या गोळीवर जाऊन आदळते. नळी फुगते, नाहीतर फाटते. तेव्हा आवाज हलका आला की थांब, तोंड समोरच धरून अर्धा मिनिट मोज, सगळं रिकामं कर आणि नळीतून उजेड दिसतो का बघ. हे वैनींनाही शिकव, कारण झाडणार त्या आहेत.

आता त्या पन्नासांचं काय करायचं? हातोडीवाला पुलर काढ आणि गोळ्या उपट. केसमधले प्रायमर जिवंत राहतात, ते ठोकून काढू नकोस, त्याच केस पुन्हा भर. फक्त प्रायमर मॅग्नम आहेत हे पेटीवर लिही, म्हणजे दुसऱ्या पावडरीचा आकडा घेताना घोळ होणार नाही. काढलेली पावडर डब्यात परत ओतू नकोस, बागेत पसर. तुझ्या बेंचवर एका वेळी एकच डबा कधीच नसतो हे मला माहीत आहे. आणि शेंगा! अरे, शिशाच्या हातांनी शेंगदाणे खाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यावरून आपण तीन दिवस बोललो नव्हतो आणि अजूनही माझंच बरोबर आहे.

वैनींसाठी हलकं हवं ना? मग पावडरच बदल. युनिकसारखी चपळ पावडर, २४० ग्रेन वजनाची ओतीव शिशाची (कास्ट) गोळी, साधा लार्ज पिस्टल प्रायमर, वेग सेकंदाला नऊशे ते हजार फूट. आकडा पुस्तकातूनच घे, माझ्या आठवणीतून नको. यात धोका उलटा आहे: ही पावडर केसचा छोटासा भागच भरते, त्यामुळे चुकून दोनदा पडली तरी मावते आणि वर गोळीही बसते. म्हणून पन्नासच्या पन्नास केस ठोकळ्यात उभ्या कर आणि गोळी बसवायच्या आधी टॉर्च घेऊन प्रत्येकीत डोकाव. .४४ स्पेशलच्या आखूड केस वापरायचा मोह आवर. त्या चालतात, पण चेंबरमध्ये (सिलिंडरच्या भोकांत) काजळीचं कडं धरतात आणि मग मॅग्नमची लांब केस तिथे अडते. मॅग्नमच्याच केसमध्ये हलका भार भर.

अस्वलासाठीच्या भारी राउंडचं वेगळं. तिथे एच-११० खुशाल वापर, पण पुस्तकाप्रमाणे. ३६,००० पीएसआय (दर चौरस इंचाला इतके पौंड दाब) ही .४४ मॅग्नमची हद्द आहे. प्रायमर चपटा झाला की मग कमी करू, असं म्हणत बसू नकोस, ती खूण उशिरा दिसते. झाडलेल्या केस बोटाने ढकलून निघायला हव्यात. ठोकाव्या लागल्या की भार जास्त आहे. (बंदुकांवर लिहिणाऱ्या एल्मर कीथने जुन्या .४४ स्पेशलमध्ये वर्षानुवर्षं ठासून भरलं म्हणून १९५५-५६ मध्ये मॅग्नम आलं, मान्य. पण तू कीथ नाहीस. हे भांडण पुढच्या पत्रात.)

सिलिंडर अडकला म्हणालास ते मला भाराहून क्रिंपचं वाटतं. झटक्याने रिव्हॉल्व्हर मागे येतं, उरलेल्या राउंडमधली गोळी जागच्या जागी राहू बघते, म्हणजे केसमधून पुढे सरकते आणि तिचं नाक सिलिंडरबाहेर येतं. ३०० ग्रेनची गोळी आणि तुझं हलकं रिव्हॉल्व्हर, मग तर बघायलाच नको. परीक्षा सोपी: सहावा राउंड आधी कॅलिपरने मोज, पाच झाड, सहावा पुन्हा मोज. जरा जरी लांबला असेल तर तो भार त्या रिव्हॉल्व्हरसाठी नाही.

तू लगेच क्रिंप आणखी आवळशील. तसं करू नकोस. जास्त आवळलं की केस तोंडाच्या जरा खाली फुगते आणि चेंबरमध्ये जात नाही. पकड मुळात केसच्या भिंतीची असते. एक्सपांडरचा (केसचं तोंड रुंदावणाऱ्या साच्याचा) दांडा गोळीपेक्षा दोन-तीन थाऊ (इंचाचे हजारावे भाग) बारीक हवा. जुन्या दांड्याने केस सैल राहत असेल तर तो बदल, नाहीतर पॉलिश करून बारीक कर. मग सगळ्या केस एका लांबीच्या कर. हद्द १.२८५ इंच, मी १.२७५ला कापायचो. एक केस लांब आणि एक आखूड असली की एकच डाय (साचा) एकीला चावते आणि दुसरीला नुसती चाटते. गोळी बसवणं आणि क्रिंप करणं दोन वेगळ्या ओढींत कर, आणि क्रिंप गोळीच्या खाचेतच बसू दे. घाई नको. तू सगळं एकाच ओढीत करतोस, गड्ड्याच्या जत्रेत पाळण्याचं तिकीट फाडल्यासारखं.

प्रायमर केसच्या तळापेक्षा तीनेक थाऊ आत हवा, अंगठा फिरवून बघ. आणि लार्ज रायफलचे प्रायमर ‘तेच तर आहेत’ म्हणून भरू नकोस, ते उंच असतात, बाहेर डोकावतात आणि सिलिंडर घासतो.

नळीत शिसं चिकटतं त्याचा दोष तू गोळीच्या मऊपणाला देतोस. शिसं कुठे चिकटतं ते आधी सांग. सिलिंडरच्या बाजूला असेल तर गोळी बारीक आहे, मागून गॅस निसटतोय. तोंडाच्या बाजूला असेल तर गोळीवरचं ग्रीज संपतंय. सिलिंडरच्या सहाही घशांतून (भोकांच्या पुढच्या अरुंद तोंडांतून) गोळी बोटाच्या दाबाने जेमतेम सरकली पाहिजे. खडखडत खाली पडली तर थाऊभर मोठी घे. फार कडक गोळी तर आणखी बिघडवते, कारण ती दाबाने फुगून नळी भरतच नाही.

काकूंना रविवारी भेटलो, ठणठणीत आहेत, तुझ्यावर रागावल्या आहेत. पोरीचं ग्रॅज्युएशन मे मध्येच ना? तिला शाबासकी. घराचं कर्ज फिटलं ते ऐकून बरं वाटलं. वैनींचं मनगट एकदा डॉक्टरला दाखवा, सगळाच दोष रिव्हॉल्व्हरला देऊ नका.

सिद्धेश्वर यात्रेचा मांडव पडलाय. होम मैदानावरच्या दारूकामाला मी जाणारच. शेंगाचटणी आणि कडक भाकरी येणाऱ्या माणसाकडे देतो. बेंचवर खाऊ नकोस.

सहा घशांची मापं आणि त्या सहाव्या राउंडच्या आधीच्या-नंतरच्या लांब्या लिहून पाठव. आणि पन्नास उपटल्याचा फोटो.

तुझा,
अव्या

ता.क. फोटोत तराजूचा काटा शून्याच्या जरा खाली दिसतो. आधी तो चेक-वजनाने तपास.