थकव्याला वय म्हणू नकोस

प्रिय सुलभा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र काल मिळाले आणि मी ते दोनदा वाचले. पहाटे तीनच्या सुमारास जाग येते, मग डोळ्याला डोळा लागत नाही, जिना चढताना मध्येच कठडा धरून थांबावे लागते आणि दुपारपर्यंत अंगात त्राण उरत नाही, हे सारे तू चार ओळींत उरकलेस आणि पाचव्या ओळीत ‘वय झाले, दुसरे काय’ असे लिहून मोकळी झालीस. त्याखाली उद्यापासून रोज दहा हजार पावले चालण्याचा निश्चय. त्या पाचव्या ओळीशी माझे भांडण आहे, आणि निश्चय थोडे दिवस पुढे ढकलावास अशी विनंती आहे.

ताईच्या बाबतीत आम्ही हीच चूक केली. तिच्या छातीत कळ आलीच नाही. महिना-दीड महिना तिची झोप मोडत होती आणि ती लवकर दमत होती, एवढेच. एके सकाळी उशीला अभ्रा चढवता चढवता ती पलंगाच्या कडेला बसली, अर्धवट चढवलेला अभ्रा मांडीवर तसाच राहिला आणि ती म्हणाली, “हात उचलवत नाहीत गं.” आम्ही तिला पडून राहायला सांगितले. तिसऱ्या दिवशी जबडा आणि पाठ दुखू लागली, मळमळून दरदरून घाम फुटला, तेव्हा पहिल्या दवाखान्यातून पित्ताचे औषध देऊन तिला घरी पाठवण्यात आले. दुसऱ्या ठिकाणी रक्तातील ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारे प्रथिन) तपासले आणि हृदयविकाराचा झटका असल्याचे निष्पन्न झाले. ताई वाचली, पण हृदयाच्या स्नायूचा जो भाग गेला, तो गेला.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले. झटका येऊन गेलेल्या ५१५ स्त्रियांशी बोलून अमेरिकेत केलेला एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. झटक्यापूर्वीच्या काळात सुमारे ७१ टक्के स्त्रियांना कधी नव्हे असा थकवा जाणवला होता, ४८ टक्क्यांची झोप बिघडली होती आणि ४२ टक्क्यांना धाप लागत होती. प्रत्यक्ष झटक्याच्या वेळी ४३ टक्के स्त्रियांच्या छातीत दुखलेच नव्हते. हे मागाहून आठवून सांगितलेले अनुभव आहेत आणि झोप न लागण्याची कारणे पुष्कळ असतात, त्यामुळे घाबरून जाऊ नकोस. छातीतले दुखणे हे स्त्रियांमध्येही झटक्याचे सर्वांत नेहमीचे लक्षण आहेच. पण दोन महिन्यांपूर्वी जो जिना तू न थांबता चढत होतीस तो आता चढवत नसेल, तर तो बदल वयाच्या नावावर टाकता येत नाही. वय असे दोन महिन्यांत येत नाही.

जाग कशाने येते, याकडे नीट लक्ष दे. आडवे झाल्यावर पायांकडचे रक्त छातीकडे परतते, आणि हृदय ते पुढे ढकलण्यात कमी पडत असेल तर फुफ्फुसांवर ताण येऊन माणूस गुदमरून उठून बसतो. तुला एका उशीच्या जागी दोन लागू लागल्या आहेत का? संध्याकाळी घोट्यांवर सूज येते का? रजोनिवृत्तीनंतर झोपेत श्वास अडखळण्याचा विकारही वाढतो, आणि स्त्रियांमध्ये तो मोठ्या घोरण्याऐवजी निद्रानाश, सकाळची डोकेदुखी आणि दिवसभराचा शीण अशा रूपात दिसू शकतो. रात्री रक्तदाब उतरून हृदयाला जी विश्रांती मिळायची, ती अशा झोपेत मिळत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ साली हृदयाच्या आरोग्याच्या मुख्य निकषांत झोपेचा समावेश केला, तो उगाच नव्हे.

चालण्याविषयी. दहा हजारांचा आकडा कोणत्या वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये विक्रीस आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातून तो रूढ झाला. सरासरी ७२ वर्षे वयाच्या सुमारे सतरा हजार स्त्रियांच्या एका पाहणीत, दिवसाला सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४१ टक्क्यांनी कमी आढळले, आणि ७,५०० च्या पुढे फायदा फारसा वाढला नाही. घरातली आवराआवर, झाडांना पाणी घालणे अशा हलक्या हालचालीसुद्धा वृद्ध स्त्रियांमधील हृदयविकाराच्या कमी प्रमाणाशी निगडित असल्याचे दिसले आहे. तेव्हा तुझे चालणे मला हवेच आहे, पण ज्या श्रमाने आज धाप लागते तो श्रम तपासणीपूर्वी वाढवणे मला पटत नाही.

डॉक्टरांकडे गेल्यावर ‘जरा थकवा आहे’ असे म्हणू नकोस. किती पायऱ्यांनंतर थांबावे लागते, किती आठवड्यांपासून, थांबल्यावर किती वेळात बरे वाटते आणि रात्री कितीदा उठून बसावे लागते, हे कागदावर लिहून ने. ईसीजी सामान्य आला म्हणून विषय संपत नाही. आणि पुढे अँजिओग्राफीत मोठ्या रक्तवाहिन्या मोकळ्या दिसल्या तरी हृदयाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा आजार असू शकतो, तो स्त्रियांमध्ये अधिक आढळतो. कोणी ‘मनाचे खेळ आहेत’ म्हटले, तर दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञांकडे जाऊ. आणि या मधल्या दिवसांत बसल्या जागी छातीत, जबड्यात, पाठीत वा हातात दडपण येऊन ते काही मिनिटांत ओसरले नाही, किंवा घाम फुटून श्वास घेणे जड झाले, तर सकाळची वाट न पाहता, मला फोन करण्याच्याही आधी रुग्णवाहिका बोलाव.

या आठवड्यातली वेळ घे आणि मला कळव. मी बरोबर येणार आहे. ताईही विचारत होती, तिला तुझा तो कागद आधी वाचायचा आहे.

तुझीच,
माधवी