गेम खेळणाऱ्यांतला कच्चा लिंबू कोण?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत नुकत्याच आलेल्या व्हिडिओ गेमविषयीच्या लेखात खेळणाऱ्यांचे ‘हार्डकोअर’ (मुरलेले, झपाटून खेळणारे) आणि ‘कॅज्युअल’ (सहज, विरंगुळा म्हणून खेळणारे) असे दोन गट करून पहिला गट व्यसनी आणि दुसरा निरुपद्रवी, असा निवाडा देण्यात आला आहे. गेली सुमारे वीस वर्षे मी गेम खेळत आलो असल्याने, या दोन शब्दांचा अर्थ इतक्या घाईने लावला जाऊ नये असे मला मनापासून वाटते.

मुळात हे शब्द खेळणाऱ्यांपेक्षा विकणाऱ्यांच्या अधिक सोयीचे आहेत. निन्टेन्डो कंपनीने २००६ मध्ये ‘वी’ हे यंत्र आणले, तेव्हा गेमला कधी हात न लावलेली घरेच्या घरे रिमोट रॅकेटसारखा फिरवत दिवाणखान्यात टेनिस खेळू लागली आणि ती यंत्रे दहा कोटींहून अधिक खपली. या नव्या गिऱ्हाइकाला ‘कॅज्युअल’ आणि जुन्याला ‘हार्डकोअर’ म्हणण्याची रूढी त्या काळात पक्की झाली. आपल्याकडे मात्र तीच रेघ यंत्रावरून, म्हणजे खरे तर ऐपतीवरून ओढली जाते. ज्याच्याकडे प्लेस्टेशन किंवा महागडे ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक आहे तो हार्डकोअर, आणि मोबाइलवर खेळणारा म्हणजे कच्चा लिंबू, ज्याला डावात घेतात पण ज्याचे बाद होणे कोणी मोजत नाही.

माझा पुतण्या दहा-बारा हजारांच्या फोनवर बीजीएमआय, म्हणजे ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ हा गोळीबाराचा गेम, खेळतो. पबजीवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आल्यानंतर पुढच्या वर्षी त्याच्या जागी आलेला हा गेम दोन अंगठ्यांनीही खेळता येतो, परंतु मग चालणे, नेम धरणे आणि गोळी झाडणे या तिन्ही गोष्टी एकाच वेळी साधत नाहीत. म्हणून त्याने दोन्ही तर्जन्या पडद्याच्या वरच्या कडेला आणून चार बोटांची ‘क्लॉ’ पकड बसवली, बंदुकीचा झटका फोन किंचित कलता करून, म्हणजे ‘जायरो’ने, सावरायला तो शिकला आणि हरलेल्या सामन्यांची रेकॉर्डिंग तो आपल्या तिघा गड्यांबरोबर पुन्हा पाहतो. केवळ त्याच्या हातात मोबाइल आहे म्हणून या मेहनतीला कॅज्युअल म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

उलट बाजूने माझेच उदाहरण देतो. २०२२ मध्ये आलेला ‘एल्डन रिंग’ हा अवघडपणासाठी नावाजलेला गेम मी खेळतो, पण घरात लहान मूल असल्याने रविवारचे दोन तासच मिळतात; एखादा शत्रू चार वेळा भारी पडला की मी दुसऱ्या वाटेने निघून जातो आणि डोंगर-किल्ले पाहत हिंडतो. यंत्र आणि गेम दोन्ही हार्डकोअरांचे असले, तरी मी हौशी खेळाडू आहे. ‘हौशी’ हा शब्द आपल्या रंगभूमीने तर मानाने वापरला आहे, राज्य नाट्य स्पर्धेत हौशी नाटकांसाठी वेगळा विभाग आहे. मग गेम खेळणाऱ्याला तो उणा का वाटावा?

माझ्या मते खरा फरक खेळाशी असलेल्या नात्यात आहे. हौशी माणूस खेळ जे देईल ते घेऊन उठतो, तर मुरलेल्या खेळाडूला तो खेळ स्वतःच अभ्यासाचा विषय वाटतो आणि हरणे ही त्याच्या लेखी पुढच्या डावाची माहिती असते. टेट्रिसचे पाहा. मॉस्कोत १९८४ मध्ये अलेक्सी पाजितनोव यांनी रचलेला, वरून पडणारे तुकडे नीट बसवण्याचा हा खेळ कोणीही दोन मिनिटांत शिकतो. त्याच्या निन्टेन्डोवरील १९८९ च्या आवृत्तीत २९ व्या पातळीपासून तुकडे इतक्या वेगाने पडतात की तिथेच खेळ संपतो, असे वर्षानुवर्षे मानले जात होते. पुढे खेळणाऱ्यांनी कंट्रोलर मागच्या बाजूने बोटांनी ताडताड वाजवण्याची युक्ती शोधली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील १३ वर्षांच्या एका मुलाने ३८ मिनिटे खेळून १५७ व्या पातळीवर तो गेमच गोठवला, म्हणजे पुढे चालूच शकणार नाही इथवर नेला. इतक्या सोप्या खेळात इतके खोल उतरता येते, हे समजले की अमुक गेम कॅज्युअल आणि तमुक हार्डकोअर ही विभागणीच टिकत नाही.

राहिला व्यसनाचा प्रश्न, आणि तो मी हलका मानत नाही. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या आजार-वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ची नोंद आहे. खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अग्रक्रम मिळणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, ही लक्षणे साधारणपणे किमान १२ महिने दिसावी लागतात. त्यात तासांची मर्यादा सांगितलेली नाही, हार्डकोअर-कॅज्युअल असा भेदही नाही. रांगेत उभे राहून कँडी क्रश खेळणारा माणूसही त्यात सापडू शकतो आणि रोज सराव करणारा मुलगा त्यापासून दूर असू शकतो. पैसे लावून खेळण्याचे ॲप हा तर निराळाच विषय आहे. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्यानेही त्यांना ई-स्पोर्ट्सपासून, म्हणजे व्हिडिओ गेमच्या कौशल्य स्पर्धांपासून, वेगळे काढून त्यांच्यावर बंदी घातली. आपल्या लेखात मात्र हे सारे एकाच पोत्यात भरले गेले, याचे मला वाईट वाटले.

या विषयावर आपण पुन्हा लेख छापावा, अशी माझी विनंती आहे. त्याआधी लेखकाने एखाद्या रविवारी चार मुलांच्या शेजारी बसून एक सामना, जेमतेम अर्ध्या तासाचा, पूर्ण पाहावा आणि त्यांना ‘किती तास खेळता?’ असे विचारण्याआधी ‘आत्ता कशामुळे हरलात?’ असे विचारावे.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली