अब्सालोमचं फळ आणि आमची ट्रायल रूम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या मुलांच्या पुरवणीत ‘वन पीस’ या जपानी कार्टून मालिकेतलं कोणतं सैतानी फळ (खाल्लं की अचाट शक्ती मिळते, पण पोहणं कायमचं जातं) खायला आवडेल, या प्रश्नाला आलेली उत्तरं वाचली. बहुतेक मुलग्यांना अदृश्य व्हायचंय. परीक्षेत कॉपी करायला, फुकटात सिनेमा बघायला, इथवर हसून सोडून देता येईल. पण सोबत चित्र छापलंय ते न्हाणीघराच्या दाराशी उमटलेल्या ओल्या पावलांचं, आणि खाली ओळ : ‘सांजीचं अधुरं स्वप्न!’ (सांजी म्हणजे मालिकेचा नायक लुफी याच्या जहाजावरचा आचारी.) त्या चित्राबद्दल हे पत्र.

डोंबिवलीत मी बायकांचे कपडे शिवते. मुलगा आठवीत आहे. रात्री मी हूक-काजं करत बसते आणि तो शेजारी ही मालिका लावतो, त्यामुळे लुफी आणि त्याची मंडळी मला आता शेजाऱ्यापाजाऱ्यांइतकी ओळखीची झालीत. न बघता नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ३३७ ते ३८१ या भागांत ‘थ्रिलर बार्क’ची गोष्ट येते. बेट वाटावं एवढं अवाढव्य जहाज, त्यावर जंगल, स्मशान, हवेली. मोरिया नावाचा समुद्री चाचा माणसांच्या सावल्या कापून घेतो, डॉक्टर हॉगबॅक मढी शिवून देतो, आणि त्यांत त्या सावल्या घालून झोंबी तयार होतात. (हॉगबॅकचे टाके बघून माझा जीव वरखाली होतो. एवढा नावाजलेला सर्जन आणि टाके असे गोणपाट शिवल्यासारखे!) या झोंबींच्या फौजेवरचा म्होरक्या म्हणजे अब्सालोम. तोही हॉगबॅकच्या हाताखालून गेलेला : जबडा सिंहाचा, कातडी हत्तीची, स्नायू अस्वल आणि गोरिलाचे. एवढं सगळं अंगावर चढवून वर ‘सुके सुके’ फळ खाल्लेलं, म्हणजे स्वतः तर दिसत नाहीच, हाताला बांधलेली बझुकासुद्धा दिसत नाही.

आणि एवढी ताकद घेऊन हा गडी करतो काय? बायकांच्या मागे लागतो. लुफीच्या टोळीतली नामी हवेलीत अंघोळीला जाते. तिचे साथीदार उसोप आणि चॉपर जवळच असतात. एकदम कुणीतरी तिचे हात धरून तिला भिंतीशी दाबतं. समोर कोणी नाही, फक्त जोर आहे. हा प्रसंग लागला तेव्हा माझी सुई थांबली. मुलगा मात्र हसत होता, कारण मागचं संगीत आणि पुढचा गोंधळ हसवण्यासाठीच घातलाय. नंतर अब्सालोम तिला पळवून नेतो आणि तिला लग्नाचा पांढरा झगा घालून तिच्याशी लग्न लावायला निघतो. त्याचाही अर्धा विनोदच होतो.

माझ्या दुकानात एक ट्रायल रूम आहे. ट्रायल रूम कसली, पडदा लावलेला कोपरा, एक आरसा आणि कपडे अडकवायला दोन खुंट्या. आत गेलेली बाई आधी काय करते, ते मी रोज बघते. ब्लाउज अंगावर घालून बघायच्या आधी ती आरशाच्या कडेने बोटं फिरवते, मग वर माळ्याकडे बघते. जुन्या खुंटीचं एक भोक भिंतीत राहिलं होतं, तर एका कॉलेजच्या मुलीने कपाळावरची टिकली काढून त्यावर चिकटवली. काही बोलली नाही, माप दिलं आणि गेली. दुसऱ्या दिवशी मी ते भोक लांबीने बुजवलं, टिकलीसकट. या बायकांना अब्सालोम कोण ते माहीत नाही, पण न दिसणाऱ्या माणसाचा हिशेब धरूनच त्या कपडे बदलतात.

आता सांजीचं. त्याने लहानपणी या फळाबद्दल पुस्तकात वाचलेलं असतं आणि ते खायचं स्वप्न बाळगलेलं असतं. म्हणून अब्सालोमशी लढताना, आपलं स्वप्न याने पळवलं, याचाही त्याला राग असतो. पुढे वानो देशाच्या गोष्टीत तो अदृश्य होता येणारा पोशाख वापरतो आणि बायकांच्या स्नानगृहात शिरतोच. खलनायकाने केलं की ते पाप, आणि आपल्या लाडक्या आचाऱ्याने केलं की गंमत, हे मला पटत नाही. तो पोशाख सांजी पुढे स्वतःच फोडून टाकतो, पण कारण वेगळं असतं, आपण भावनाशून्य होऊ ही भीती. स्नानगृहातल्या बायकांचा त्यात काही संबंध नाही. ही गोष्ट लिहिणाऱ्या-काढणाऱ्या एइचिरो ओदांचं चित्र आणि कल्पना यांपुढे मी हात जोडते, पण या एका बाबतीत त्यांचा हात १९९७ सालापासून आहे तिथेच आहे.

आपल्याकडे चोरून बघण्याला भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ लागतं. पहिल्याच गुन्ह्याला किमान एक वर्ष, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद. चौदा वर्षांच्या पोराला हे कलम पाठ करून घ्या असं मी म्हणत नाही. मालिका बंद करा असं तर मुळीच म्हणत नाही. उलट ती गोष्ट शेवटपर्यंत बघा. सांजीच्या लाथा खाऊन अब्सालोम खिळखिळा झालेला असतो हे खरं, पण त्याला विजेचा शेवटचा दणका देऊन आडवा पाडते ती नामीच. पुरवणीत चित्र काढायचंच होतं, तर तिच्या हातातला तो वीज पाडणारा हवामानाचा दंडुका काढायला काय हरकत होती? आणि छापलेल्या उत्तरांत मुलींची उत्तरं किती, तेही एकदा बघा. मला तरी एकच दिसलं, तेही अगदी तळाशी.

बाकी, विचारलंच आहे तर माझं उत्तर नोंदवून घ्या : लुफीच्याच टोळीतल्या रॉबिनचं ‘हाना हाना’ फळ. पाहिजे तिथे पाहिजे तितके हात उगवतात. समुद्रात पोहता येणार नाही म्हणे, पण दिवाळीच्या तोंडावर मला पोहायला कुठे सवड असते!

आपली,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)
(गिऱ्हाइकांची ओळख राहते, म्हणून नाव छापू नये.)