नवरीचा बाप आजोबा दिसू नये म्हणून

सातारा,
१२ मार्च

प्रिय विलास,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

साखरपुड्याचे फोटो पोचले. जावई छान आहे, पोर गोड दिसते आणि तू नवरीचा आजोबा दिसतोस. हे मी म्हणत नाही, तुझ्याच चिठ्ठीत आहे. वर प्रश्न कसा विचारलास, तर ‘हिच्यासाठी विचारतोय, चेहऱ्याला काय लावावं?’ अरे, चाळीस वर्षांची ओळख आपली, माझ्यापुढे वहिनींच्या पदराआड कशाला लपतोस? वहिनी फोटोत ठणठणीत दिसताहेत. औषध तुलाच हवंय आणि लग्न मेमध्ये आहे.

ती जी ऑनलाइन मागवलेली महागडी बाटली म्हणतोस, ती फोडली नसशील तर परत कर. मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहून माझं एक पक्कं मत झालंय. चेहऱ्याला वय जेवढं वयाने येतं, त्याहून कितीतरी जास्त उन्हाने येतं. खोटं वाटत असेल तर शर्ट काढून आरशासमोर उभा राहा. दंडाची आतली, काखेजवळची कातडी बघ आणि मग मनगटाची बाहेरची बाजू बघ. दोन्हीची जन्मतारीख एकच. एक अजून मऊ, एकसारखी आहे आणि दुसरीवर डाग, रेघा, खरखर. आतल्या बाजूला काही कुठलं क्रीम लावलं नव्हतंस. तिला फक्त ऊन लागलं नाही.

आता जरा उजवा गाल आणि डावा गाल बघ. तू बियाण्यांच्या कामासाठी वर्षानुवर्षं नाशिक–धुळे गाडी मारतोस. सकाळी जाताना ऊन उजव्या खिडकीतून, संध्याकाळी परतताना मावळतीचं ऊनही उजव्याच खिडकीतून. माझ्या अंदाजाने उजव्या डोळ्याखाली सुरकुत्या जास्त निघतील. अमेरिकेतल्या एका ट्रक ड्रायव्हरचा फोटो २०१२ मध्ये तिथल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. माणूस ६९ वर्षांचा, २८ वर्षं ट्रक चालवलेला. त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू उजवीपेक्षा वीसेक वर्षांनी म्हातारी वाटते, नांगरलेल्या रानासारखी. डावी का, तर तिकडे स्टिअरिंग डावीकडे असतं.

तू म्हणशील, काच तर बंद असते, एसी चालू असतो. तिथेच गोची आहे. अंग भाजतं, लाल होतं ते उन्हातल्या न दिसणाऱ्या यूव्हीबी किरणांनी आणि ते काच बऱ्यापैकी अडवते. पण कातडीत खोल शिरून तिचा ताणच सैल करणारे यूव्हीए किरण साध्या काचेतून आरपार येतात. समोरची काच दोन थरांची असते, ती पुष्कळ अडवते. बाजूच्या काचेचा भरवसा नाही. यूव्हीएला ढगही फारसे आडवे येत नाहीत आणि सकाळ-संध्याकाळ त्याचा जोर यूव्हीबीइतका उतरत नाही. त्यामुळे भाजल्याचं कळत नाही आणि नुकसान मात्र रोज थोडं थोडं साचत जातं.

म्हणून पहिलं काम सनस्क्रीन. हसू नकोस. ऑस्ट्रेलियातल्या नांबूर गावात पंचावन्नच्या आतल्या ९०३ माणसांवर हे करून पाहिलंय. काहींना रोज सकाळी न चुकता लावायला सांगितलं, बाकीच्यांना जसं लावत होते तसंच लावू दिलं. हाताच्या पाठीचे साच्यात ठसे घेऊन कातडीचा पोत मोजला. साडेचार वर्षांनी रोज लावणाऱ्यांच्या कातडीत वय वाढल्याची खूण सापडली नाही. आणि ते सनस्क्रीन काही फार भारी नव्हतं, एसपीएफ, म्हणजे भाजण्यापासून बचावाचा आकडा, १५च्या आसपासचं. त्यामुळे शंभर आकडा छापलेल्या ट्यूबसाठी जादा पैसे मोजू नकोस. नीट लावलं तर ३०चं सुमारे ९७ टक्के यूव्हीबी अडवतं आणि ५०चं ९८ टक्के. त्या आकड्यापेक्षा पाकिटावर यूव्हीएचा उल्लेख आहे का ते बघ.

सगळी गंमत त्या ‘नीट’मध्ये आहे. गिऱ्हाइकं हरभऱ्याएवढं घेतात, चेहऱ्यावर पुसतात आणि महिनाभराने ‘तुमचं क्रीम चालत नाही’ म्हणून माझ्याकडे येतात. तर्जनी आणि मधलं बोट सरळ धर. दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत एकेक रेघ काढ. एवढं चेहऱ्याला आणि मानेला लागतं. कान विसरू नकोस, मानेची मागची बाजू विसरू नकोस आणि टाळूवर जिथे विरळ झालंय तिथेही लाव. स्टिअरिंगवरचे हात तर अजिबात सोडू नकोस. घामाचं तोंड पांढरं पडतं म्हणून पुरुष वैतागतात, तर तू जेल घे. दाढी झाल्यावर लगेच लावलंस तर चुरचुरेल, थोडा वेळ जाऊ दे. शिवारात उतरशील तेव्हा दोनेक तासांनी पुन्हा लावायचं. ते तू करणार नाहीस हे मला माहीत आहे, म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि चारी बाजूंनी कड असलेली टोपी घाल. क्रिकेटची टोपी नको, कान उघडे पडतात. पुण्याच्या पोरी स्कूटरवर डोळे सोडून सगळं स्कार्फात गुंडाळतात, आपण त्यांची डाकू म्हणून चेष्टा करायचो. धूळ, धूर काय म्हणायचं ते म्हणोत, पण त्यांच्या गालांचं भलंच होतंय.

आपली कातडी गोऱ्यांसारखी भाजत नाही हे खरं. सुरकुत्याही आपल्याला उशिरा पडतात. आपलं वय आधी दिसतं ते रंगात: गालांवर वांग, कपाळावर काळसरपणा, डोळ्यांखाली डाग. त्यालाही ऊनच खतपाणी घालतं.

आता अंघोळ. कडकडीत पाणी आणि फेसाळ साबण ही तुझी जुनी चैन. साबण अल्कधर्मी आणि कातडीचा वरचा थर किंचित आम्लधर्मी. वय वाढलं की अंगातलं तेलही कमी सुटतं. मग नडग्यांवर पांढरा भुगा पडतो, खाज येते. पाणी कोमट कर, साबण काखा, जांघा आणि पायांपुरता ठेव. अंग पुसताना अगदी कोरडं करू नकोस. ओलसर असतानाच खोबरेल किंवा साधं पेट्रोलियम जेली चोळ. तेवढं पुरतं.

घरगुती उपायांत डाळीचं पीठ, दही, दिवाळीचं उटणं यांचा त्रास नाही, जोरात घासलं नाही म्हणजे झालं. लिंबू मात्र चेहऱ्याला लावू नकोस. आधीच आम्ल, त्यात लिंबाचा रस अंगावर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखे फोड येतात आणि मागे काळे डाग राहतात.

मला खरी चीड येते ती दुसऱ्याच गोष्टीची. रोज कोणीतरी पिळून चपटी झालेली ट्यूब खिशातून काढतं आणि म्हणतं, ‘हीच द्या, हिने चेहरा उजळतो.’ उजळतो, पहिले पंधरा-वीस दिवस. ट्यूब असते नायट्याची, नाहीतर डागांची, आणि आत तगडं स्टिरॉइड. काही महिन्यांत गालाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ होते, खालच्या लाल शिरा दिसायला लागतात, पुरळ उठतं, बायकांच्या गालांवर लव वाढते. बंद केलं की आग आग होते, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. सरकारने २०१८ मध्ये अशी चौदा स्टिरॉइडं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. मी नाही म्हणतो, गिऱ्हाईक शिव्या घालत पलीकडच्या दुकानात जातं आणि तिथून घेऊन येताना मला मुद्दाम दाखवतं. तुमच्या घरात लग्नासाठी कोणी असली ट्यूब आणली असेल, तर नाव मला कळव.

सुरकुत्या खरोखर थोड्या मागे नेतं असं एकच लावायचं औषध मी पाहिलंय, ट्रेटिनॉइन. मुळात मुरमांचं. अमेरिकेत १९८०च्या दशकात ध्यानात आलं की ते लावणाऱ्यांच्या बारीक रेघाही कमी होतात. पण मेपर्यंत चमत्कार होणार नाही, त्याला कित्येक महिने लागतात. सुरुवातीला सालं निघतात आणि ऊन जास्त बाधतं. रात्री वाटाण्याएवढं, तेही आधी एक दिवसाआड. कातडीच्या डॉक्टरांना दाखवूनच सुरू कर. आणि ती ट्यूब लेकीच्या हाती लागू देऊ नकोस. गरोदरपणात ते चालत नाही आणि तिचं आता लग्न होतंय.

सिगारेटबद्दल तू मला गप्प बसवतोस, तरी लिहितो. धूर कातडीकडे जाणारं रक्त कमी करतो आणि तिला ताठ धरणारे तंतू मोडतो. ओठांभोवतीच्या त्या उभ्या रेघा तिच्याच. लोटाभर जादा पाणी पिऊन त्या जाणार नाहीत, व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी काहीही पाठवो.

आणि हो, हातावर किंवा चेहऱ्यावर न भरणारी जखम दिसली किंवा एखादा तीळ अचानक वाढला, आकार बदलला, तर तिथे क्रीम लावत बसायचं नाही. डॉक्टरांकडे जायचं.

सनस्क्रीनच्या दोन ट्यूब पुतण्याबरोबर पाठवतोय, तो रविवारी नाशिकला पोचेल. पैसे पाठवू नकोस. मेमध्ये आम्ही दोघं हळदीच्या आदल्या दिवशी येतो. वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझा,
सुधीर

ता. क. लग्नाआधी केस, मिशा काळ्या करणारच असशील, तर डाय आधी कानामागे ठिपकाभर लाव आणि ४८ तास थांब. त्यातल्या पीपीडी रसायनाची काहींना जबर अ‍ॅलर्जी येते, तोंड सुजतं. ‘काळी मेंदी’ लिहिलेल्या पाकिटांतही बहुतेक वेळा तेच असतं.