पुरात बुडालेली गाडी सुरू करू नका

महोदय,
२०१९ च्या पुरात आमची गाडी सांगलीत पाण्याखाली गेली. पाणी ओसरताच मी चावी फिरवली आणि तिथंच फसलो. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही. त्यामुळे पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकला. डिपस्टिकवरचं, म्हणजे ऑइल तपासायच्या पट्टीवरचं, ऑइल पाणी मिसळल्यानं दुधाच्या चहासारखं दिसत होतं. इंजिनाचा खर्च विमा कंपनीनं नाकारला, कारण पॉलिसीत इंजिन संरक्षणाचं जादा कवच नव्हतं. नूतनीकरण करताना ते जरूर मागा, हप्ता थोडा वाढला तरी. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांकडे सरकलं की गाडी उंचावर न्या. बुडालीच तर बॅटरीची वायर सोडवा, फोटो काढा, कंपनीला लगेच कळवा आणि टोचन करूनच गॅरेजला न्या.

– एक वाचक, सांगली