पळसगावचे नाईक यशवंत घाडगे

संपादक महोदय,

मुंबई-गोवा महामार्गावर माणगावला चहापाण्यासाठी हजारो प्रवासी थांबतात. तिथल्या तहसील कार्यालयाजवळचा पुतळा कोणाचा, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असते. तो याच तालुक्यातील पळसगावच्या नाईक (हा सैन्यातील हुद्दा) यशवंत घाडगे यांचा आहे.

१० जुलै १९४४, दुसरे महायुद्ध. इटलीतील टायबर नदीचे वरचे खोरे. मराठा लाइट इन्फंट्रीच्या घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. हाताखालचे सगळे जवान ठार वा जखमी झाले. एकटे उरलेले घाडगे थेट त्या मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्बने गन आणि ती चालवणारा, दोघे संपले. गनवरच्या आणखी एकाला त्यांनी टॉमीगनने टिपले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने लोळवले. लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागून ते त्याच ठाण्यात धारातीर्थी पडले. वय अवघे २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला. देह मात्र गावी आला नाही. ज्यांना ज्ञात कबर नाही अशांच्या इटलीतील कॅसिनो स्मारकावर त्यांचे नाव आहे.

ते परक्या राज्यकर्त्यांच्या फौजेत लढले, म्हणून त्यांची आठवण कमी मोलाची मानणे मला पटत नाही. इटलीतील मोंतोने गावाने २०२३ मध्ये त्यांच्या नावे सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले. आपल्याकडे निदान रायगडच्या शाळांतून दर १० जुलैला त्यांची ही हकिकत मुलांना सांगितली जावी, एवढी कळकळीची विनंती.

— एक वाचक, रायगड