चि. मुक्ताला, सोटकामोच्या खाणीवर रुजू होण्याआधी

चि. मुक्ता,

अनेक उत्तम आशीर्वाद.

फिनलंडमधल्या त्या खाणीवर भरडलेलं खनिज ढिगात रचतात, त्यावर आम्लाचं द्रावण सोडतात आणि बॅक्टेरियांच्या मदतीने निकेल विरघळवून काढतात. असा नवा ढीग चालू करताना सगळ्यात आधी काय बघायचं, हे तू परवा फोनवर विचारलंस. ते बोलण्यात निसटून जाईल, म्हणून सविस्तर लिहिते आहे. नवीन माणसं तिथे गेली की बॅक्टेरिया जगतील का, याचीच चिंता करत बसतात. तू ती चिंता शेवटी ठेव. काळ्या शिस्टमध्ये, म्हणजे तिथल्या पापुद्र्यांच्या काळ्या खडकात, मुरलेल्या खाणीच्या पाण्यात अॅसिडिथिओबॅसिलस आणि लेप्टोस्पिरिलम हे बॅक्टेरिया आधीपासूनच असतात. त्यांना लोह, गंधक, हवा आणि आम्लता मिळाली की ते वाढतात. ढीग बिघडतो तो हवा आणि पाण्यामुळे, आणि त्या दोन्हींचं नशीब माल भरडतानाच ठरून जातं.

खनिज कसलं आहे ते आधी नीट समजून घे. निकेल जेमतेम पाव टक्का, म्हणजे टनामागे अडीच किलो. त्यासोबत अर्धा टक्का जस्त, थोडं तांबं, अगदी थोडा कोबाल्ट. एवढ्या पातळ खनिजाला दळून, तरंगवून, भट्टीत घालणं परवडत नाही. हे साठे 1977 पासून माहीत होते, तरी वर्षानुवर्षं पडून राहिले, आणि 2004 मध्ये आउटोकुम्पू या फिनिश धातू कंपनीने त्यांचे हक्क तालविवारा कंपनी काढणाऱ्या पेक्का पेरांना एका युरोला दिले, ते याच कारणाने. पण या दगडात पायरोटाइट आणि पायराइट ही लोह-गंधकाची खनिजं (सल्फाइडं) भरपूर आहेत, आणि तेच आपलं इंधन. एक किलो पायराइट पूर्ण ऑक्सिडाइझ झालं तर साधारण 12 मेगाज्यूल उष्णता सुटते. बाहेर उणे 25 असताना ढिगाच्या पोटात 40-50 अंश राहतात ते त्यामुळेच. ओडिशातल्या सुकिंदाच्या मातीतही निकेल आहे, पण तिथे ही युक्ती अशीच्या अशी चालत नाही. ती लॅटेराइट, म्हणजे जांभ्याच्या जातीची आहे, तिच्यात जाळायला सल्फाइडच नाही. आपल्या गोव्यात कुंकळ्ळीला निकेल तयार होतं, तेही बाहेरून आणलेल्या कच्च्या मालातून.

आता भरडण. माल साधारण 8 मिलिमीटरपर्यंत आणायचा असतो, म्हणजे 80 टक्के माल त्या चाळणीतून खाली पडला पाहिजे. 12 मिलिमीटर राहिला तर निकेल दगडाच्या पोटात अडकून बसतं. 4 मिलिमीटर झाला तर ढिगाचा गाळ होतो आणि हवा, पाणी दोन्ही अडतं. 2008 मध्ये हीच खाण तालविवारा या नावाने सुरू झाली तेव्हा क्रशरची क्षमता आणि माल हलवण्याची यंत्रणा हाच मोठा अडथळा ठरला होता. म्हणून रोजच्या टनांच्या आकड्याइतकंच चाळणीच्या निकालाकडे लक्ष दे. चाळणीची जाळी फाटली की दोन पाळ्यांत हजारो टन जाड माल रचला जातो आणि वर्षभर कुणाच्या लक्षात येत नाही. जाळी दर पाळीत डोळ्यांनी बघायची, नोंदवहीवर विसंबायचं नाही.

भरडलेला माल फिरत्या ड्रममध्ये जातो आणि त्यावर गंधकाम्ल आणि द्रावण शिंपडतात. त्याने बारीक चुरा मोठ्या खड्यांना चिकटतो. ओलावा बरोबर आहे का ते कळायला मूठभर माल हातमोजे घालून दाबून बघ. गोळा टिकला पाहिजे, पण बोटांतून पाणी ओघळता कामा नये. गोळा फुटला तर माल कोरडा आहे, चकचकीत चिखल झाला तर ओला. आम्ल किती घालायचं ते तुझ्या खनिजाच्या स्तंभ-चाचणीतून (उभ्या नळकांड्यात खनिज भरून केलेल्या चाचणीतून) येतं, दुसऱ्या खाणीचा आकडा उचलू नकोस. आणि एक गोष्ट नवख्यांना सांगितली जात नाही: पायरोटाइटवर आम्ल पडलं की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. ड्रमजवळ वायुमापक हवाच.

रचताना ढिगाची उंची 8 मीटर. तळाला एचडीपीईची, म्हणजे जाड प्लास्टिकची चादर, तिच्यावर मुरूम आणि खडी, त्यात निचऱ्याच्या सच्छिद्र नळ्या आणि हवेच्या नळ्या. इथे डोळ्यांत तेल घालून उभी राहा. निचरा तुंबला तर पाणी चढून हवेच्या नळ्यांत शिरतं, आणि पाण्याने भरलेल्या नळीतून पंखा कितीही जोर लावला तरी हवा जात नाही. वरून बघणाऱ्याला सगळं ठीक दिसतं, कारण ठिबक चालू असतं. तळाशी मात्र तो सगळा पट्टा ऑक्सिजनशिवाय थंड पडलेला असतो. रचलेल्या ढिगावर जड वाहन चढवू देऊ नकोस. एका डंपरच्या चाकोरीखाली माल जो दबतो तो पुन्हा सुटत नाही.

हवेचा हिशोब एकदा स्वतः करून बघ. समजा दगडात 8 टक्के गंधक आहे. टनात 80 किलो. त्यातला तिसरा हिस्सा, म्हणजे 27 किलो, वर्षभरात जळाला. किलोला जवळपास दोन किलो ऑक्सिजन धरला तर 54 किलो लागला. एवढा ऑक्सिजन सुमारे 195 घनमीटर हवेत असतो. पण ढिगातून जाणाऱ्या हवेतला सगळा ऑक्सिजन वापरला जात नाही. एक चतुर्थांश वापरला गेला असं धरलं तर टनामागे 800 घनमीटरच्या आसपास हवा लागते. दहा लाख टनांच्या ढिगाला हेच वर्षभर विभागलं तर तासाला 90 हजार घनमीटरवर जातं. पंखे बसवताना वीज वाचवायची म्हणून या आकड्याला कात्री लागते, आणि मग पुढचं वर्षभर ‘बॅक्टेरिया आळशी आहेत’ असं सगळे म्हणत राहतात. उलट चूकही होते. हिवाळ्यात हवा गरजेपेक्षा जास्त सोडली तर तीच ढिगाची उष्णता बाहेर घेऊन जाते. म्हणून हवा तापमानाच्या नोंदी बघून वाढवायची, एकदम पूर्ण झडप उघडायची नाही.

द्रावणाचा दर चौरस मीटरला तासाला 5 लिटर. वर ठिबकच्या नळ्या टाकलेल्या असतात. आपल्या जळगावच्या केळीच्या बागेतला शेतकरी ते बघून म्हणेल की लॅटरल, ड्रिपर सगळं ओळखीचं आहे. ते ओळखीचंच आहे, फक्त पाण्याच्या जागी आम्ल आणि लोह आहे, आणि ड्रिपर जिप्समने बुजतात. तालविवाराचा एक भाग साधारण 400 मीटर रुंद आणि 1200 मीटर लांब होता. गुणाकार कर: तासाला 2400 घनमीटर द्रावण. एवढं पंप, नळ्या, टाक्या हाताळतात तेव्हा एक ओळ बुजली तर कळत नाही. म्हणून रोज चालत जा. ज्या पट्ट्यात वरचा थर कोरडा आणि फिकट दिसेल तिथे ड्रिपर बुजलाय. जिथे वर डबकं साचलं आहे तिथे खाली बारीक माल आहे. तिथला दर कमी कर, नाहीतर पाणी एकाच वाटेने खाली धावेल आणि बाजूचा दगड कोरडा राहील. हिवाळ्यात नळ्या वरच्या थरात पुरतात. उणे 25 ला पंप बंद पडला आणि नळी रिकामी केली नाही तर ती फुटलीच समज. पर्यायी पंप आणि विजेची सोय ऑक्टोबरच्या आधी चालवून बघ.

पहिल्या काही आठवड्यांत पीएच वर चढेल. कार्बोनेट आणि पायरोटाइट आम्ल खातात. ते 3 च्या वर गेलं तर लोह अवक्षेपित होऊन दगडावर पिवळट-तपकिरी कवच चढतं, त्यात जारोसाइट हे लोहाचं सल्फेटही असतं, आणि ते फोडणं अवघड. निचऱ्याचं पीएच 2 च्या आसपास येईपर्यंत आम्ल थांबवू नकोस. मग द्रावणातलं फेरस लोह (ऑक्सिडाइझ न झालेलं; झालं की ते फेरिक) डायक्रोमेटने टायट्रेट करून मोज आणि रेडॉक्स विभव, म्हणजे द्रावणाची ऑक्सिडाइझ करण्याची ताकद, सोबत लिहीत जा. सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोडवर ते 400 मिलिव्होल्टच्या खाली असेल तर फेरसच वरचढ आहे. ते हळूहळू 500 च्या पुढे गेलं की समज, बॅक्टेरिया फेरस खाऊन फेरिक करू लागले. गरम द्रावण फिरवलं आणि उन्हाळ्यात सुरुवात केली तर हे लवकर होतं. जानेवारीत नव्या ढिगाची सुरुवात शक्यतो करू नये. तापमानाचे सेन्सर ढिगाच्या मध्यात, कडेला आणि तळाला हवेत, कारण निचऱ्याचं तापमान एकटं फसवतं. तापमान फार वर गेलं तर नेहमीचे बॅक्टेरिया माघार घेतात, तेव्हा पाणी वाढवून थंड करायचं.

आधी निकेल आणि जस्त विरघळतं, तांबं सगळ्यात उशिरा, कारण चाल्कोपायराइट हे तांब्याचं खनिज हट्टी आहे. पहिल्या टप्प्यात साधारण दीड वर्ष. मग तो सगळा ढीग उकरून दुसऱ्या तळावर रचतात आणि तिथे आणखी काही वर्षं ओला ठेवतात. उकरून हलवल्याने पाण्याने पाडलेल्या वाटा बुजतात आणि न भिजलेला दगड वर येतो, म्हणून हा खटाटोप. वरच्या ऑफिसमधून ‘धातू कधी निघणार’ अशी विचारणा सुरू होईल, तेव्हा द्रावण लवकर काढून प्लँटला पाठवायचा मोह होतो. एका वेळी फिरत्या द्रावणाचा दहावा ते पाचवा हिस्साच काढतात, बाकीचं परत ढिगावर जातं. पातळ द्रावण प्लँटला पाठवलं तर रसायनं जातात आणि धातू येत नाही.

प्लँटमध्ये हायड्रोजन सल्फाइडने एकेक धातू बाहेर पाडतात: आधी तांबं, मग जस्त, मग पीएच वाढवून निकेल-कोबाल्ट. प्रत्येक अवक्षेपणात आम्ल सुटतं, म्हणून मधे चुनखडीने तटस्थ करावं लागतं, आणि त्यातून जिप्समचे डोंगर होतात. मार्च 2012 मध्ये त्याच आवारात एका कामगाराचा हायड्रोजन सल्फाइडने मृत्यू झाला. या वायूबद्दल एवढंच ध्यानात ठेव की नाकावर विश्वास ठेवायचा नाही. सडक्या अंड्याचा वास एक पीपीएमच्या (दहा लाखात एक भाग) आतच येतो, पण शंभराच्या आसपास गेल्यावर नाक बधिर होतं आणि वास नाहीसा होतो. तो हवेपेक्षा जड आहे, खोलगट जागी, खड्ड्यात, नाल्यात साचतो. वास थांबला म्हणजे धोका टळला असं कुणी म्हणालं तर ताबडतोब बाहेर निघ. कॉलरला लावायचा मापक रोज तपासून घे. हे आईचं ऐक, बाकी सगळं नंतर.

आता पाणी. ही कहाणी मी मुद्दाम सविस्तर सांगते. बर्फ दिसायला थोडाच वाटतो, पण हिशोब कर: वसंतात वितळणाऱ्या बर्फाचं पाणी 200 मिलिमीटर धरलं तर दर 100 हेक्टरवर दोन लाख घनमीटर पाणी पंधरवड्या-महिन्यात येतं. ते खाणीच्या मातीतून आलं की त्यात आम्ल, मँगनीज, निकेल मिसळतं आणि ते सोडता येत नाही. सुरुवातीला असा समज होता की गरम ढिगावरून एवढं बाष्पीभवन होईल की पाणी कमीच पडेल. प्रत्यक्षात 2012 चा पावसाळी उन्हाळा आला आणि जादा पाणी ठेवायला जागा उरली नाही. ते जिप्समचा गाळ ठेवायच्या तलावात साठवलं गेलं. तो तलाव त्या कामासाठी नव्हता. 4 नोव्हेंबर 2012 रोजी तो गळायला लागला, एप्रिल 2013 मध्ये पुन्हा. खाण दोन नद्यांच्या जलविभाजकावर आहे, औलुयोकी आणि वुओक्सी, म्हणून घाण दोन्ही बाजूंना गेली. आजूबाजूच्या छोट्या तळ्यांच्या तळाशी सल्फेटचं जड, खारं पाणी बसलं, वरचं आणि खालचं पाणी मिसळेनासं झालं. नोव्हेंबर 2014 मध्ये खाण चालवणारी कंपनी दिवाळखोरीत गेली आणि 2015 मध्ये सरकारी तेराफामेने ती उचलली. 2018 मध्ये निकेलचं उत्पादन 27 हजार टनांवर गेलं. खडकात काही कमी नव्हतं, हे त्यावरून दिसतं.

युरेनियमचंही तसंच. दगडात थोडंसं होतं, विरघळलं आणि पाण्यात आलं. म्हणून नव्या खनिजाचं पृथक्करण करताना विकायच्या चार धातूंवर थांबू नकोस. विरघळू शकेल ते सगळं मोज: मँगनीज, अॅल्युमिनियम, मॅग्नेशियम, आर्सेनिक, युरेनियम. मँगनीज पाण्यातून काढायला पीएच 9-10 पर्यंत न्यावं लागतं, तेवढा चुना आधी मोजून ठेवावा लागतो. आणि मॅग्नेशियम व सल्फेट फिरत्या द्रावणात साचत जातात, द्रावण जड होतं, बॅक्टेरिया मंदावतात. काही द्रावण कायम बाहेर काढून शुद्ध करावंच लागतं, पैसे वाचवायला ते थांबवू नये.

तिथे गेल्यावर पहिल्या आठवड्यात पाण्याचा ताळेबंद माग. आत येणारं, बाहेर जाणारं, साठवलेलं, आणि प्रत्येक तळ्यात काठापर्यंत किती उंची शिल्लक आहे ते. स्वच्छ पाणी खाणीत शिरण्याआधीच वळवणारे नाले कुठे आहेत ते स्वतः चालून बघ. बर्फाखाली ते गाडलेले असतात आणि एप्रिलमध्ये कुणाला सापडत नाहीत.

बाबांनी थंडीचे बूट निवडून ठेवलेत, शनिवारी पार्सल करतील. पहिल्या पंधरवड्यात ढिगाच्या वरच्या थराचे फोटो आणि तळ्यांच्या पातळीचे आकडे मला पाठव, बघून लिहिते.

तुझी,
आई